प्रकरण अकरावे : तडा की ओरखडा

ज्या घरात ताम्हण आणि पंचपात्री दिवाळीपूर्वी चिंचेने घासून गुलाबी झाल्याशिवाय हातावेगळी करायची नाहीत असा दंडक तीन पिढ्या चालत आला आहे, त्या घरात तांब्याच्या काळवंडलेल्या नाण्यांना कुणी हात लावणार नाही ही अपेक्षाच मुळात अविचाराची होती, असे यमुनाआत्यांचे मत होते. आणि ते त्यांनी त्या संध्याकाळी तीनदा, प्रत्येक वेळी निराळ्या पक्षाच्या बाजूने, मांडले.

दोन हजार सहा सालच्या ऑक्टोबरातला तो शनिवार लक्ष्मीपूजनाचा होता. लंडनजवळच्या वॉटफर्डच्या घरात, लाउंजमध्ये, फायरप्लेसपुढे चौरंग मांडला होता. पूजा समईच्याच उजेडात व्हावी असा आत्यांचा आग्रह असल्यामुळे त्यांच्या भाच्याने, विनयने, वरचा दिवा मालवला होता. तबकात सुपारीच्या गणपतीभोवती पाच नाणी मांडली होती आणि तीही नुकत्याच घासलेल्या ताम्हणाइतकीच लखलखत होती. विनयचे वडील विष्णुपंत रेशमी सदरा घालून खाली आले, पाटावर बसण्यासाठी वाकले आणि तसेच वाकलेले राहिले.

त्यांची सून एलिशेबा स्वयंपाकघराच्या दारात नैवेद्याचे ताट घेऊन उभी होती. ती ठाण्याच्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, घराण्यातली. लग्नाला आठ वर्षे झाली होती. या आठ वर्षांत ती पूजेला कधी बसली नाही आणि पूजेच्या तयारीतून कधी सुटलीही नाही. दोन्ही गोष्टी तिने आपणहून ठरवल्या होत्या. दारातून तिला सासऱ्यांचा चेहरा नीट दिसत होता. त्यांनी तबकातले एक नाणे उचलले, सदऱ्याच्या खिशातून भिंग काढले (ते पूजेलाही भिंग घेऊन येत), नाणे समईच्या ज्योतीजवळ धरले, फिरवले, पुन्हा धरले. हे बराच वेळ चालले. त्यांचा चेहरा आधी नुसता गोंधळलेला होता. मग तो अशा रीतीने बदलला की एलिशेबाने ताट खाली ठेवले. आवाज त्यानंतर चढला.

"हे कुणी केलं?"

"कुणी म्हणजे?" यमुनाआत्या सोफ्यावरून म्हणाल्या. त्या विष्णुपंतांहून चार वर्षांनी मोठ्या, ईलिंगला एकट्या राहत आणि प्रत्येक सणाला दोन दिवस आधी येत. "लक्ष्मीपुढे काय काळी ठिक्कर नाणी ठेवायची? घासली, चांगलं झालं."

"ताई, ही दोनशे वर्षांपूर्वीची अमेरिकन तांब्याची नाणी आहेत. ती घासत नाहीत. ओल्या हातानं धरतसुद्धा नाहीत. मी त्यांच्यावरची धूळ उंटाच्या केसांच्या ब्रशानं झटकतो, आणि तीही श्वास रोखून."

भावाचा आवाज ऐकून आत्यांनी बाजू बदलली. "तेही खरंच म्हणा. विचारायचं तरी एखाद्यानं. सकाळपासून चिंच कोण कोळत होतं, ते पाहिलंय आम्ही."

सगळ्यांनी एलिशेबाकडे पाहिले. सकाळी ताम्हण, कलश आणि पंचपात्री तिनेच घासली होती. पेसाहच्या सणाआधी तिची आई घरातले झाडून सारे तांबे असेच घासत असे. या सासरी तिला पहिल्या दिवसापासून बिनचूक जमलेले काम तेच होते.

"एली," विनय हलक्या आवाजात म्हणाला, "तू त्या नाणी पण घासलेस का? आय मीन, बाय मिस्टेक?"

विनयचा जन्म ब्रिस्टलचा. मराठीत लिंगांची गल्लत तो नेहमीच करत असे आणि एलिशेबा ती प्रेमाने सुधारत असे. त्या क्षणी तिने ती सुधारली नाही.

"बाय मिस्टेक," ती म्हणाली. "विनय, मी डेंटिस्ट आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात हत्यारं घालते. एकाच्याही दाताला न विचारता हात लावत नाही. आणि तुझ्या बाबांच्या पेटीला लावीन? तुला हे चौघांत विचारावंसं वाटलं?"

"मी फक्त विचारलं."

"हो. मलाच विचारलंस."

"तिला कशाला विचारता?" चौरंगापाशी वाती सारख्या करत बसलेल्या तिच्या सासूबाई, मधुमतीबाई, मान वर न करता म्हणाल्या. "मी घासली. तिची चिंच उरली होती."

*

मधुमतीबाईंना नवऱ्याच्या रागाचे नकाशे पाठ होते. ब्रिस्टलच्या विमानइंजिनांच्या कारखान्यात विष्णुपंतांनी सारी नोकरी तपासणी विभागात काढली. टर्बाइनच्या पात्यांना तडा गेला आहे की नुसता ओरखडा उठला आहे, हे ठरवणे त्यांचे काम. पात्याला लाल द्रव फासायचा, पुसून काढायचा, वर पांढरी पूड फवारायची. खाच असेल तेथे राहिलेला लाल रंग पुडीतून रेघेसारखा वर उमटतो. त्या लाल रंगाचे डाग मधुमतीबाईंनी त्यांच्या शर्टांच्या बाह्यांवरून वर्षानुवर्षे काढले होते. ओरखड्याला तडा म्हटले तर चांगले पाते फुकट जाते, तड्याला ओरखडा म्हटले तर विमान; हे वाक्य या घरात जेवताना इतक्या वेळा उच्चारले गेले होते की विनय लहानपणी ते श्लोकासारखे म्हणत असे.

पुढे ब्रिस्टलमध्येच, कुणाच्या तरी आवरलेल्या घरातल्या सामानाच्या लिलावात, मोडक्या घड्याळाबरोबर विष्णुपंतांकडे एक डबी आली. तिच्यात अमेरिकेचे पहिलेवहिले तांब्याचे सेंट होते, आपल्या जुन्या रुपयाच्या जवळपास एवढे. एका बाजूला मोकळ्या केसांची स्वातंत्र्यदेवी, दुसऱ्या बाजूला फितीने बांधलेली पानांची माळ आणि तिच्याखाली एकावर शंभर असा अपूर्णांक. त्या काळी टाकसाळीतले ठसे हाताने कोरत. त्यामुळे एकाच सालाच्या दोन नाण्यांत पानाचे टोक कुठे येते, अपूर्णांकाची रेघ किती लांब आहे, यात फरक पडे आणि त्या फरकावरून नाणे कोणत्या ठशाचे ते ओळखता येई. ठसा वापरून वापरून तडकला की त्या तड्यात तांबे घुसे आणि नाण्यावर उठावाची रेघ येई. तडा वाढत जाई तशी रेघही वाढे. आयुष्यभर पोलादातले तडे पाहिलेल्या माणसाला याहून मोठे व्यसन कोणते लागणार?

त्यांच्याकडच्या सतराशे अठ्ठ्याण्णवच्या एका सेंटावर अशी रेघ होती. फितीच्या टोकापासून निघून ती अपूर्णांक ओलांडून थेट काठापर्यंत जात होती. त्या ठशाची जी नाणी आजवर पुस्तकांतून नोंदली गेली होती त्यांत तडा फितीपाशीच थांबतो. म्हणजे हे नाणे त्या ठशाच्या अखेरच्या दिवसांतले, ठसा दुभंगण्याआधीचे, आणि असे दुसरे कुणी पाहिलेले नाही, असा विष्णुपंतांचा सिद्धान्त होता. तो घेऊन ते गेल्या महिन्यात लंडनला नाणेसंग्राहकांच्या बैठकीला गेले. तिथे मिस्टर पेम्बरी नावाच्या जाणकाराने नाणे दोन बोटांत धरले, भिंगही पुरते न लावता परत केले, आणि भरल्या सभेत म्हटले, "नुसता ओरखडा आहे, वाईट वाटतं." हेच वाक्य दुसऱ्या कुणाला म्हटले असते तर ते मतभेदात जमा झाले असते. विष्णुपंतांना तो जन्माचा अपमान वाटला. त्यांनी हट्टच धरला, तेव्हा रविवारी घरी येऊन चांगल्या उजेडात पुन्हा पाहीन, एवढे पेम्बरींनी कबूल केले. तो रविवार उद्यावर आला होता.

"अगं, तुला कळतंय का तू काय केलंस?" विष्णुपंत म्हणाले. "तांब्याला दोनशे वर्षांत त्वचा येते. तो तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हे, ते त्याचं वय आहे. ते एकदा गेलं की परत येत नाही. हे नाणं आता कुठलाही माणूस हातात घेणार नाही."

"मी घेतलं की."

"मधू, थट्टा करू नकोस."

"थट्टा कोण करतंय?" मधुमतीबाईंनी वात ठेवून दिली. "महिनाभर तुम्ही जेवताना तेच बोलता. त्या माणसाला रेघ दिसली नाही, त्या माणसाला रेघ दिसली नाही. म्हटलं, काळ्यावर काळी रेघ कशी दिसणार? उद्या तो येणार, तेव्हा नाणं स्वच्छ असलं तर त्याला नाही म्हणता यायचं नाही. म्हणून एक ते घेतलं, आणि लक्ष्मीपुढं एकटं बरं दिसत नाही म्हणून आणखी चार घेतली. तुमच्यासाठी केलं मी ते."

"माझ्यासाठी?"

"मग काय पेम्बरीसाठी? आणि रेघ कुठं गेलेली नाही. वरचं काळं निघालं, खाली रेघ आहे तशी आहे. मी पाहिली ना. उलट आता जास्त दिसते."

विष्णुपंतांनी यावर उत्तर दिले नाही. ज्या माणसाने कुणाचे अर्धे वाक्यही कधी न खोडता सोडले नाही, त्याने हे पुरते वाक्य सोडले, हे एलिशेबाच्या लक्षात आले. इतर कुणाच्या आले नाही.

"मला साधं विचारता आलं नसतं तुला?" त्यांनी दुसरीकडून सुरुवात केली.

"कशाला विचारायचं? विचारून काय मिळालं आजवर?" आता मधुमतीबाई उठून उभ्या राहिल्या. "ब्रिस्टलपासून ती पेटी या घरात आहे. मी तिच्या वरची धूळ पुसते, आतलं मला माहीत नाही. एकदा विचारलं, हे कसं ओळखायचं हो, तर म्हणालात, तुला कंटाळा येईल. मला कशाचा कंटाळा येतो हे ठरवणारे तुम्ही कोण? चिंचेनं तांबं बिघडतं हे एक वाक्य होतं. तेवढं सांगितलं असतंत तर आज हात लावला नसता. तुमचं सगळं ज्ञान त्या पेम्बरीला सांगायला. आम्हाला फक्त, हात लावू नका."

"वहिनी, आता पूजेच्या वेळी—" आत्यांनी सुरुवात केली.

"वन्सं, तुम्ही मघाशी एलिशेबाचं नाव घेतलंत. ते आधी परत घ्या. मग पूजेचं बोलू."

खोलीत कुणी कुणाकडे पाहत नव्हते. विष्णुपंतांनी हातातले ते नाणे मुठीत मिटले.

"विनय, पेम्बरीला फोन कर. सांग, उद्या येऊ नका. सांग की पुरावा आमच्या घरात नष्ट करण्यात आला."

"कोणी नष्ट केला म्हणून सांगू?" विनयने विचारले.

"जे झालं ते सांग."

"म्हणजे आईने." विनय जागचा उठला नाही. तोवर तो मनाने वडिलांच्या बाजूला होता. त्यांचा रविवार गेला याचे त्याला खरोखर वाईट वाटले होते. पण अनोळखी माणसाला फोनवर आईचे नाव सांगायचे म्हटल्यावर त्याला ते पटेना. "सॉरी बाबा. हे मी नाही करणार. मघाशी मी एलीला चुकीचा प्रश्न विचारला, आता दुसरं चुकीचं नाही करत. तुम्हाला सांगायचंय तर तुम्ही सांगा."

विष्णुपंत जिना चढून वर गेले.

*

वरच्या बॉक्सरूममध्ये, म्हणजे अडगळीच्या छोट्या खोलीत, त्यांचे टेबल होते, टेबलावर मान वळवता येणारा दिवा, आणि कप्प्याकप्प्यांची ती पेटी. एलिशेबा दार वाजवून आत आली तेव्हा दिवा डाव्या बाजूला ओढलेला होता, अगदी टेबलाला टेकेल इतका खाली, आणि त्याच्या झोतात ते एकच नाणे होते. विष्णुपंत तिची वाट पाहत नव्हते. पण तिला परत जायलाही त्यांनी सांगितले नाही.

"बाबा, पाहू मी?"

"पाहा. आता काय कुणीही पाहावं."

तिने कामावरची भिंगे आणली होती, चष्म्यासारखी चढवायची. तिने नाणे पाहिले, मग दिवा उजवीकडे नेला, परत पाहिले. चारी बाजूंनी पाहून झाल्यावर तिने भिंगे कपाळावर सरकवली.

"विनयला तुम्ही शिकवलं होतं, ते त्यानं मला सांगितलंय," ती म्हणाली. "डावीकडून उजेड टाकायचा. रेघ उठावाची असेल तर सावली उजवीकडे, रेघेच्या बाहेर पडते. खोदलेली असेल तर डाव्या काठाला, आतल्या आत."

"बरोबर."

"ही आत आहे."

विष्णुपंतांनी आपले भिंग टेबलावर पालथे ठेवले.

"दातांवर किटण चढतं ना, ते फटीत आधी धरतं," एलिशेबा म्हणाली. "मग घट्ट होतं, मग फटीच्या वर येतं. पेशंट म्हणतो, इथं दात वाढलाय. मी खरवडते, तर खाली खाच निघते. हे तसंच झालंय. जुना ओरखडा होता, त्यात थर भरला, वर उठला. तुम्ही पाहिलीत ती रेघ उठलेलीच होती. तुम्ही चुकीचं पाहिलं नव्हतं."

"ओरखडा आणि तडा यांच्यात चूक करायची नाही, याचाच पगार मी घेत होतो."

"तुम्हाला हे खाली, समईपाशीच दिसलं होतं," ती म्हणाली. तिचा आवाज आता मऊ नव्हता. "मी दारातून बघत होते. तुम्ही आधी नाणं फिरवून फिरवून पाहिलंत, आणि ओरडलात नंतर. आई म्हणाल्या, रेघ आहे तशी आहे. तेव्हा तुम्ही गप्प बसलात. तुम्ही. आणि मग विनयला सांगितलंत की पुरावा नष्ट झाला असा फोन कर."

"रंग गेला हे खोटं नाही. चार नाणी खरोखर गेली."

"चारांवरून भांडा की. हवं तेवढं भांडा, आईंना ते ऐकावंच लागेल. पण पाचव्याचं खापर त्यांच्या डोक्यावर फोडलंत, तर तुमचा सिद्धान्त जन्मभर खरा राहील आणि त्या जन्मभर खोट्या पडतील. मघाशी खाली मी दोन मिनिटं तशी उभी होते, बाबा. मला माहीत आहे ते कसं असतं."

तिने भिंगे काढून घडी केली आणि ती खाली गेली.

एकटे उरल्यावर विष्णुपंतांनी दिवा आणखी दोनदा फिरवला. युक्तिवादाला जागा आहे का, हे त्यांनी प्रामाणिकपणे शोधले. घासताना तडाच पुसला गेला असेल, असे म्हणता आले असते; आणि पेम्बरीला ते खोडता आले नसते, कारण त्याने नाणे नीट पाहिलेच नव्हते. युक्तिवाद भक्कम होता. पण चिंचेने खाच पडत नाही आणि खाच समोर दिसत होती. पेम्बरीने न पाहता सांगितले होते आणि ते बरोबर निघाले होते, ही गोष्ट त्यांना सर्वांत असह्य वाटली. न पाहता बरोबर येणाऱ्या माणसाला तपासणी विभागात त्यांनी एक दिवसही ठेवले नसते.

*

फोन हॉलमध्ये होता आणि लाउंजचे दार उघडे होते, त्यामुळे सगळ्यांनी ऐकले. विष्णुपंतांचे इंग्रजी अशा वेळी फार कोरडे होई. ते पेम्बरींना म्हणाले की उद्याचे ठरल्याप्रमाणे आहे. नाणे स्वच्छ केले गेले आहे. रेघ खोदलेली आहे, उठावाची नाही. पलीकडून काही तरी समजूतदार बोलले गेले असावे, कारण ते पुढे म्हणाले, "नाही, तरीही या. तुम्ही त्या दिवशी भिंग लावलं नव्हतं. ते लावून तुम्ही एकदा बरोबर ठरावं अशी माझी इच्छा आहे."

त्यांनी फोन ठेवला आणि लाउंजमध्ये येऊन पाटावर बसले.

"बघा," यमुनाआत्या म्हणाल्या, "मी पहिल्यापासून म्हणत होते, घासली त्यात काही बिघडलं नाही."

विनय हसला. आपण एकटेच हसलो हे कळल्यावर तो थांबला. मग तो उठून एलिशेबाजवळ जाऊन उभा राहिला. तिने त्याला जागा दिली, पण त्याच्याकडे पाहिले नाही.

"मधू," विष्णुपंत म्हणाले, "रेघ तू म्हणालीस तशीच होती. ओरखडा आहे तो. माझी चूक झाली." पण त्यांच्याने राहवले नाही. "बाकीच्या चारांचा रंग मात्र तू घालवलास. ते मी सोडणार नाही."

"सोडू नका. मला पुरावा नष्ट करणारी म्हणालात, तेही मी सोडणार नाही."

"उद्या सकाळी तुला दाखवतो. ठसा कसा ओळखायचा, पान कुठं येतं."

"सकाळी कशाला? तो माणूस आला की दाखवा. मी तिथं बसणार आहे. चहा विनय करील."

"त्याला चहा येतो?"

"शिकेल. त्याला कंटाळा येईल की नाही, हे आपण आधीच ठरवायचं नाही." मधुमतीबाईंनी हात पुढे केला. "ते नाणं द्या इकडं. पूजा राहिलीय."

त्यांनी मूठ उघडली. मधुमतीबाईंनी नाणे पुसून तबकात ठेवले, स्वातंत्र्यदेवीचा चेहरा खाली आणि रेघेची बाजू वर. बाकीच्या चारांना हळदकुंकू विष्णुपंत वर असतानाच लागले होते. या एकाला राहिले होते. त्यांनी चिमूटभर कुंकू घेऊन अंगठ्याने नाण्यावर टेकवले. वरचे सांडले तेवढे पदराच्या टोकाने झटकून टाकले, आणि खाचेत गेले ते तिथेच राहिले.

फितीच्या टोकापासून काठापर्यंत एक बारीक लाल रेघ उमटली. स्वयंपाकघराच्या दारातून एलिशेबाला ती भिंगाशिवाय दिसली.

विष्णुपंत त्या रेघेकडे पाहत राहिले. त्यांचा उजवा हात नकळत सदऱ्याच्या बाहीकडे गेला, जणू तिथला जुना लाल डाग झाकावा.

"पुसू?" मधुमतीबाईंनी विचारले.

"नको," ते म्हणाले. "उद्या त्याला असंच दाखव. तूच दाखव."